विषय: सप्टेंबरचा कॅम्प – पॉर्क्युपाइनला वीज नसलेल्या कॅम्पग्राउंडवर राहायचं का?

नोव्हायहून, सोमवारी रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीचा कार्यक्रम आटोपला की सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारला जोडून मिशिगन राज्याच्या उत्तर भागातल्या पॉर्क्युपाइन माउंटन्स स्टेट पार्कला जायचं समितीत चाललं आहे. राहायला प्रेस्क आइलचं रस्टिक कॅम्पग्राउंड सुचवलंय. मी नकाशा उघडून बसले आणि थोडी धास्तावले. आमच्याकडून, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून, साधारण ६०० मैल, म्हणजे गाडीत दहा तास. तिथे वीज नाही, शॉवर नाही, फ्लशचे संडास नाहीत. आमच्याबरोबर सासूबाई-सासरे असतील. दोघंही सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना रात्री झोपेत श्वासासाठी विजेवर चालणारं सीपॅप मशीन लागतं. धाकटा सहा वर्षांचा आहे.

जवळच वीज-पाण्याची सोय असलेलं एखादं पार्क बघू या का? जे जाऊन आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहावं. माझा विरोध नाही, पण म्हाताऱ्या माणसांचे हाल नकोत.

---

ट्रॉयहून, मंगळवारी पहाटे

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र रात्रीच वाचलं. आधी सीपॅपचं सांगतो, कारण तेवढीच अडचण खरी आहे. पार्कच्या दुसऱ्या टोकाला युनियन बे नावाचं कॅम्पग्राउंड आहे, तेही लेक सुपीरियरच्या काठावरच. तिथे वीज आहे, शॉवर आहेत. सासऱ्यांसाठी एक साइट तिथे घेता येईल. किंवा मशीनची बॅटरी आणा, पण ती एका चार्जवर किती तास पुरते ते घरी दोन रात्री वापरून बघा. मशीनसोबतच्या पुस्तकात लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, थंडीत बॅटरी लवकर उतरते. बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि पानांचे रंग बघायला गर्दी होते, त्यामुळे काय ते या आठवड्यात ठरवा.

आता बाकीचं. मी मूळचा जुन्नरचा. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलो, त्यामुळे डोंगर म्हटला की मला काळा दगड डोळ्यांसमोर येतो. इथल्या एस्कार्पमेंट ट्रेलवर पहिल्यांदा गेलो तेव्हा कड्यावर बसून खडकावर हात ठेवला. तो बेसॉल्टच होता. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला ११० कोटी वर्षांपूर्वीचा, पण हाताला ओळख पटली. खाली दरीत लेक ऑफ द क्लाउड्स पसरलेलं, चहूबाजूंनी नुसतं जंगल, एक छप्पर दिसत नाही. सासूबाईंना हे बघायला चढावं लागणार नाही. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते आणि पुढच्या सज्जापर्यंत व्हीलचेअर नेता येईल अशी वाट केली आहे. ज्यांचे पाय चालतात त्यांनी तिथून कड्याकड्याने ट्रेल धरावा. एका बाजूने चार मैल आहे, म्हणून दुसऱ्या टोकाला एक गाडी आधीच उभी करून ठेवावी.

समिट पीकच्या मनोऱ्यासाठी अर्धा मैल चढ आणि पायऱ्या आहेत. तो गुडघेवाल्यांनी सोडावा. प्रेस्क आइल नदीच्या धबधब्यांनाही लाकडी पायऱ्या बऱ्याच आहेत, पण मध्येमध्ये बसायला जागा मिळते. मॅनबेझो, मनिडो आणि नवाडाहा अशी त्यांची नावं आहेत, इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या परंपरेतून आलेली. त्या लोकांना या डोंगरांची आकृती दबून बसलेल्या साळिंदरासारखी दिसली, पॉर्क्युपाइन हे नाव त्यावरूनच. मुलांना हे आधी सांगून ठेवा, मग ती गाडीतूनच साळिंदर शोधत बसतील. नदीच्या तोंडाशी वाहत्या पाण्याने खडकात गोल रांजण कोरले आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत ना, तसेच. तिथे मुलांचा हात सोडायचा नाही. खडक निसरडा आहे आणि प्रवाह वरून दिसतो त्यापेक्षा फार ओढतो. सुपीरियरचं पाणी सप्टेंबरात सोडा, ऑगस्टातही अंग बधिर करतं. पोहणार कोणी नाही असं आधीच ठरवून टाकू.

रस्टिक म्हणजे काय ते नीट सांगतो. तंबूची जागा, एक टेबल, शेकोटीचं कडं. पाणी ठरलेल्या ठिकाणाहून भरून आणायचं. संडास कोरडे, पण आम्ही गेलो तेव्हा दर वेळी स्वच्छ होते. स्वतःचा कागद आणि हात धुवायचं पाणी ठेवलं की झालं. सासूबाईंसाठी संडासाजवळची साइट घ्या आणि तंबूत जमिनीवर न झोपवता घडीची खाट आणा, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार येत नाही. रात्री पारा चाळीस फॅरनहाइटच्या आसपास उतरतो, म्हणून कानटोपी आणि लोकरीचे मोजे हवेतच.

आणि रात्र. हे मला लिहायलाच हवं. दहा वाजता पार्कात शांतता पाळायची वेळ सुरू होते. शेकोटी विझत आली की कड्याखालून सुपीरियरची गाज ऐकू येते, एका लयीत, रात्रभर. आकाशगंगा डोळ्यांनी सरळ दिसते. माझी मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा तिने ती पहिल्यांदा तिथे पाहिली आणि मला विचारलं, "बाबा, हे आपल्या घरावर पण असतं का?" असतं, पण आपल्या दिव्यांपुढे ते दिसत नाही. वीज असलेल्या साइटवर शेजारच्या गाडीचा दिवा आणि टीव्हीचा आवाज येतो. मी अंधारासाठी जातो, म्हणून दहा तास गाडी चालवायला मला काही वाटत नाही.

आता एक विनंती, ती मात्र सगळ्यांनी पाळावी. इकडून जळाऊ लाकूड न्यायचं नाही. एक ओंडकासुद्धा नाही. एमराल्ड अ‍ॅश बोअरर हा अ‍ॅशची झाडं पोखरणारा किडा २००२ साली आपल्याच डेट्रॉइट भागात सापडला, आणि लोकांनी कॅम्पिंगला नेलेल्या लाकडातून तो कुठल्या कुठे पसरला. माझ्या दारातले दोन्ही अ‍ॅश त्याच्यापायी तोडावे लागले. पॉर्क्युपाइनचं जंगल साधं नाही. दुसऱ्या महायुद्धात लाकडाला मागणी वाढली होती, हे जंगलही कुऱ्हाडीखाली जाणार होतं. १९४५ साली राज्याने ते राखलं. साधारण ३५,००० एकरांवर आजही कधीच न तोडलेली झाडं उभी आहेत: हेमलॉक, शुगर मेपल, पिवळा बर्च. हेमलॉकचा रस शोषणारा दुसरा एक किडा लेक मिशिगनच्या काठाने आपल्या राज्यात शिरलाच आहे. आपल्या देवराईत जसं आपण काटकीही उचलत नाही, तसं इथे बाहेरची काटकी आणायची नाही. लाकूड तिथेच विकत मिळतं.

कोणाला जंगलातल्या वाटांचं काही विचारायचं असेल तर मला लिहा, नाहीतर संध्याकाळी फोन करा.

ट्रॉयवाले काका

---

अ‍ॅन आर्बरहून, मंगळवारी दुपारी

काकांनी अस्वलांचं लिहिलंच नाही, म्हणून मी लिहिते. इथे काळी अस्वलं आहेत आणि सप्टेंबरात ती हिवाळ्यासाठी पोट भरत असतात. आपल्या स्वयंपाकाला वास फार. फोडणी, तळण, सुकट तर नकोच. तंबूत खायचं काही ठेवायचं नाही. त्यात टूथपेस्ट, डोक्याचं तेल, लहानांची बिस्किटं, देवापुढचे पेढे, सगळं आलं. जेवण झालं की भांडी लगेच घासायची आणि सगळं बंद गाडीत ठेवायचं. ज्यांना जंगलात आत मुक्काम करायचाय त्यांच्यासाठी तिथे उंच लोखंडी खांब आहेत, शिधा त्यावर टांगतात.

पदार्थ असे न्या की आच कमी लागेल. मी भाजणी, मेतकूट, कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि दडप्या पोह्यांचं सामान आणेन. पिठलं एका स्टोव्हवर वीस माणसांना होतं, भाकऱ्या मात्र घरून करून आणू.

आणखी एक, वेळेचं. प्रेस्क आइल गोगेबिक काउंटीत आहे, तिथे सेंट्रल टाइम, आपल्या ईस्टर्नपेक्षा एक तास मागे. लेक ऑफ द क्लाउड्सला ईस्टर्न. दोन्हींत साउथ बाउंडरी रोडचे साधारण २५ मैल, आणि वळणं इतकी की तास सहज जातो. तीन वर्षांपूर्वी आम्ही "नऊला भेटू" एवढंच ठरवलं होतं. एक गाडी ईस्टर्नच्या नऊला पोचली, दुसरी सेंट्रलच्या, आणि तिथे रेंज नसल्याने एक तास नुसती काळजी. फोनवरचं घड्याळही टॉवर बदलला की बदलतं. या वेळी सगळ्या वेळा ईस्टर्नमध्येच लिहू आणि मनगटी घड्याळं लावू.

---

नोव्हायहून, बुधवारी

काका, ताई, मनापासून आभार. तुमची दोन्ही पत्रं मी काल जेवताना सासूबाईंना वाचून दाखवली. निघोजच्या रांजणांचं ऐकताच त्या म्हणाल्या, मी तिथे लग्नानंतर पहिल्याच वर्षी गेले होते, आता तर यायलाच हवं. सासरे आणि हे युनियन बेला वीज असलेल्या साइटवर राहतील, आम्ही तिघं प्रेस्क आइलला. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं की मला काकांच्या त्या अंधारातच झोपायचं आहे. घडीची खाट मागवली आहे. संडासाजवळची साइट आत्ताच अडवून ठेवली.

माझ्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. शुक्रवारी पहाटे चारला, ईस्टर्नच्या चारला, निघेन. मॅकिनॉ पूल ओलांडला की सेंट इग्नेसला थांबून घरचे डबे खाऊ. भाजणीचं धान्य मी उद्या भाजायला घेते, ताई, तुमच्याकडच्या चक्कीवर दळून द्याल का?