लग्नात सारसाचा दाखला देणं आता थांबवा

खाडीकाठचा:
गेल्या रविवारी दादरला मावसभावाचं लग्न होतं. अक्षता पडल्या आणि एका काकांनी माइक धरला. ‘सारस पक्षी बघा. एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो. तसे राहा.’ टाळ्या पडल्या. मी मठ्ठा पीत गप्प बसलो, तर आता इथे बोलतो.

सारसाची जोडी वर्षानुवर्षं टिकते, हे खरं. प्राण सोडण्याची गोष्ट ऐकीव. पण काका राहतात ऐरोलीला, हाकेच्या अंतरावर खाडीत फ्लेमिंगोंचे थवे उतरतात, त्यांचं नाव नाही काढलं! दक्षिण फ्रान्समध्ये मोठ्या फ्लेमिंगोंच्या पायात कडी घालून त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तर जवळपास सगळे दर विणीला नवा जोडीदार धरतात. आणि सुगरण? नाव बाईचं, घरटं विणतो नर. अर्धं विणून त्याला लोंबकळत पंख फडफडवत बसतो. मादीला पसंत पडलं की पुरं करतो, ती अंड्यांवर बसली की हा शेजारच्या फांदीवर दुसरं विणायला मोकळा. हे सांगा की मंगल कार्यालयात.

सोयीचा पक्षी निवडायचा आणि म्हणायचं ‘निसर्ग सांगतो’. निसर्ग काहीच सांगत नाही.

वनराणी:
साफ असहमत. तुम्ही तरी काय केलंत, तुमच्या सोयीचे दोन पक्षी निवडलेत!

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात राखी धनेशाची ढोली मी तीन उन्हाळे बघतेय. मादी आत शिरते, माती आणि स्वतःच्या विष्ठेनं ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसंसुद्धा झडतात. नर येतो, बुंध्याला बिलगतो, मान झटकतो आणि गळ्यात साठवलेलं उंबराचं एकेक फळ वर आणून फटीतून देतो. एक दिलं, पुन्हा मान झटकली, दुसरं दिलं. भर मे महिन्यात. याला निष्ठा म्हणायचं नाही तर काय?

परळ_लॅब:
आत लिंपलेली मादी जाणार कुठे हो?

गंमत सोडा. पक्ष्यांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त जाती जोडीनं राहतात असं पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९६८ मध्ये मांडलं. १९८० च्या दशकात डीएनए तपासणी आली आणि कित्येक सोज्वळ जोड्यांच्या घरट्यात शेजाऱ्याची पिल्लं निघाली. मिळून संसार करणं वेगळं, एकनिष्ठ असणं वेगळं. सस्तन प्राण्यांत तर जोडीनं राहणाऱ्या जाती जेमतेम ९ टक्के, असं लुकास आणि क्लटन-ब्रॉक या संशोधकांनी २०१३ मध्ये अडीच हजार जाती तपासून दाखवलं. कारणही रूक्षच आहे: माद्या दूरदूर विखुरलेल्या असल्या की नराला दोघींवर पहारा ठेवणं जमत नाही.

म्हणजे माणसानं एकाशीच राहावं ही अपेक्षाच निसर्गाविरुद्ध.

वनराणी:
तिला कोणी कोंडत नाही, ती आतून स्वतः लिंपते. आणि बाहेरचा मोकळाच असतो ना? तरी परत येतो.

फोर्टची_वकील:
‘निसर्गाविरुद्ध’ हे ऐकून राहवलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी जगभरातल्या समाजांच्या केलेल्या नोंदींतल्या १,२३१ समाजांपैकी निव्वळ एकपत्नी पद्धतीचे १८६. मग काय, आपणही बहुमतानं जायचं?

माझ्या पणजीला सवत होती. मूल होईना म्हणून आणली. घर एकच, चुली दोन, आणि सणाला मानाचं ताट कुणाचं यावरून दरवर्षी अबोला. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कायद्याची आडकाठीही नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली १९४६ च्या कायद्यानं, हिंदू विवाह कायद्याच्या नऊ वर्षं आधी. त्याला आव्हान मिळालं तेव्हा युक्तिवाद झाला की मुलगा हवा म्हणून दुसरी बायको करणं हा धर्माचा भाग आहे, आणि मुसलमानांना मुभा असताना फक्त हिंदूंना बंदी हा भेदभाव आहे. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी दोन्ही मुद्दे फेटाळले. निकालात ना सारस होता ना धनेश.

(जाता जाता: पुरुषासाठी ‘एकपत्नीव्रत’, ते पाळलं तर कौतुक. बाईसाठी ‘पातिव्रत्य’, ते गृहीतच.)

परळ_लॅब:
कायद्यानं दुसरं लग्न थांबतं, मन नाही थांबत.

फोर्टची_वकील:
मनाचं कोण बोलतंय? पणजीला पोटगी आणि स्वतःची चूल हवी होती.

खाडीकाठचा:
वकीलबाई, माझंही म्हणणं हेच, तुम्ही नीट मांडलंत. वनराणी, धनेशाचा दाखला मला अजून पटलेला नाही, पण ती ढोली बघायची आहे.

वनराणी:
पावसाआधी या, रविवारी सकाळी सातला, पार्काच्या गेटवर. काकांनाही आणा. फक्त तिथे माइक नको.