‘इन टू वीक्स’ म्हणजे दोन आठवड्यांत की दोन आठवड्यांनी?

अनुवादार्थी

मी तांत्रिक मजकुराचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो. मागच्या महिन्यात इंग्लंडमधील एका ग्राहकाने सुधारित मजकूर ‘इन टू वीक्स’ पाठवतो असे मला कळवले. मी त्याचा अर्थ ‘दोन आठवड्यांत’ असा घेतला, मजकूर आठव्या-दहाव्या दिवशी हाती येईल असे धरून पुढच्या कामाची आखणी केली आणि बाराव्या दिवशी काहीशा त्रासिक सुरात आठवणीचे पत्रही धाडले. त्याचे उत्तर सौजन्याचे होते, पण त्यात आश्चर्य लपत नव्हते: दोन आठवडे अजून झालेच कुठे आहेत?

त्याच पत्रात, एक बैठक ‘द बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर’ चालली असे एक वाक्य होते. बैठकीतला सर्वांत चांगला भाग कोणता होता हे तो सांगत आहे असे समजून मी पुढची ओळ दोनदा वाचली, पण तसे काही त्यात नव्हते. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसे कालावधी सांगताना जे रोजचे शब्दप्रयोग वापरतात, ते समजून घेण्यासाठी काही सूत्र आहे का, की प्रत्येक प्रयोग वेगळा पाठच करावा लागतो? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षिका

आपल्या पहिल्या शंकेला सूत्र नक्की आहे आणि ते मराठीच्याच आधाराने सांगता येते. ‘त्याने पुस्तक दोन आठवड्यांत लिहिले’ आणि ‘तो दोन आठवड्यांनी येईल’ या वाक्यांत आपण दोन वेगळे प्रत्यय लावतो: पहिल्यात ‘त’ आणि दुसऱ्यात ‘नी’. एखादे काम पुरे व्हायला किती काळ लागला हे पहिला सांगतो, तर आजपासून किती काळ लोटल्यावर घटना घडेल हे दुसरा सांगतो. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी ‘इन’ हाच शब्द येतो. ‘ही रोट द बुक इन टू वीक्स’ येथे तो आपल्या ‘त’च्या जागी आहे, आणि ‘ही विल कम इन टू वीक्स’ येथे आपल्या ‘नी’च्या जागी. ग्राहकाने भविष्यकाळातील घटनेविषयी लिहिले होते, म्हणून त्याचे भाषांतर ‘दोन आठवड्यांनी’ असेच व्हायला हवे होते. मुदतीच्या आत असे म्हणायचे असते तर त्याने ‘विदिन’ हा शब्द वापरला असता. संदिग्धता टाळण्यासाठी काही जण ‘इन टू वीक्स टाइम’ असेही लिहितात. त्यातून ‘नी’चाच अर्थ निघतो.

या विषयाची दुसरी बाजूही आपण मराठी भाषकांनी पाहावी अशी आहे. झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये क्रियापदांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात ‘फॉर ॲन अवर’ आणि ‘इन ॲन अवर’ हा भेद कसोटीसारखा वापरता येतो. ज्या क्रियेला ठरलेला शेवट नाही तिला ‘फॉर’ चालतो, आणि जी कुठेतरी जाऊन पुरी होते तिला ‘इन’. हे वाचून मला गंमत वाटली, कारण ‘तासभर वाचत होतो’ आणि ‘तासाभरात वाचून काढले’ हा भेद आपल्याकडे लहान मूलसुद्धा न चुकता करते. ‘तासभर वाचून काढले’ असे कोणी म्हटले तर ते लगेच कानाला खटकते.

आपण खरे अडखळतो ते ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्यापाशी. ‘२०१५पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्हींना मराठीत एकच ‘पासून’ पुरतो, आणि त्यामुळे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य माझ्या वर्गात दरवर्षी ऐकू येत असे. ‘सिन्स’ला काळातला आरंभबिंदू लागतो, लांबी नव्हे. लांबी सांगायची तर ‘फॉर’. मी विद्यार्थ्यांना एवढेच सांगत असे की मराठी वाक्यात ‘गेली दहा वर्षे’ असे म्हणता येत असेल तर इंग्रजीत ‘फॉर’ घ्या. क्रियापद मात्र आपल्यासारखे साध्या वर्तमानकाळात ठेवून भागत नाही. तेथे ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे. नुसते ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स’ म्हटले तर वक्त्याने पुणे सोडले आहे असाच अर्थ होतो.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे राहत असल्यामुळे दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. ‘द बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर’ म्हणजे तासाचा बराचसा भाग, जवळजवळ तासभर. त्यात कौतुकाचा लवलेश नसतो, उलट पुष्कळदा कंटाळाच असतो. ‘अ गुड अवर’ यातला ‘गुड’ही तसाच आहे, पण तो आपल्याला सहज कळतो, कारण ‘चांगला तासभर ताटकळलो’ असे आपणही म्हणतो. फरक असा की ‘गुड अवर’ तासापेक्षा कमी कधीच नसतो आणि ‘बेस्ट पार्ट’ तासाला थोडा कमी पडतो. ‘फॉर गुड’ मात्र यांच्या पंक्तीत बसवू नये. ‘शी हॅज लेफ्ट फॉर गुड’ म्हणजे ती कायमची गेली. येथे नवीन असताना हे वाक्य ऐकून ‘बरे झाले’ असे मी एका सहकाऱ्यासमोर म्हणालो होतो, त्याची आठवण झाली की अजूनही ओशाळायला होते.

‘अ व्हाइल’ या शब्दाची लांबी त्याच्या आधी काय येते त्यावर ठरते. ‘अ लिटल व्हाइल’ म्हणजे थोडा वेळ, पण ‘क्वाइट अ व्हाइल’ म्हणजे बराच काळ. ‘डाँकीज इयर्स’ म्हणजे गाढवाची वर्षे, अर्थात युगानुयुगे. गाढवाचे लांब कान म्हणजे ‘इअर्स’ आणि वर्षे म्हणजे ‘इयर्स’ या शब्दांच्या उच्चारसाम्यावर केलेल्या विनोदातून तो प्रयोग निघाला असे मानले जाते. ‘अ मंथ ऑफ संडेज’ हा महिनाभराचे रविवार सांगतो, म्हणजे हिशेब केला तर सात महिन्यांच्या आसपासचा काळ, पण तसा हिशेब कोणी करत नाही.

पंधरा दिवसांसाठी येथे ‘फोर्टनाइट’ हाच रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ‘मंडे वीक’ असे कोणी म्हणाले तर येत्या सोमवारनंतर एक आठवडा, म्हणजे त्याच्या पुढचा सोमवार. हा प्रयोग ऐकून मी एकदा आठवडाभर आधीच एका घरी जेवायला पोहोचलो होतो.

परदेशस्थ, न्यू जर्सी

लेस्टरकरांनी सांगितलेले शब्द इकडे जपून वापरावेत. ‘फोर्टनाइट’ अमेरिकेत बोलण्यात येत नाही, येथे सरळ ‘टू वीक्स’ म्हणतात. ‘बेस्ट पार्ट’ऐवजी बहुधा ‘बेटर पार्ट’ ऐकू येते. ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हटले की शुक्रवार धरूनच, त्यावर वाद होत नाही. सर्वांत फसवा शब्द ‘मोमेंटरिली’. ब्रिटिश माणसाला त्यातून ‘क्षणभरासाठी’ असे कळते, अमेरिकी माणूस मात्र तो ‘क्षणभराने, लवकरच’ अशा अर्थाने वापरतो. विमान ‘मोमेंटरिली’ उतरेल ही घोषणा ब्रिटिश प्रवाशाने शब्दशः घेतली तर विमान जमिनीला टेकून पुन्हा उडणार अशी त्याची समजूत होईल. शिक्षिकाबाईंच्या भाषेत सांगायचे तर हा पुन्हा प्रत्ययाचाच घोळ झाला. शिवाय त्यांनी सांगितलेल्या ‘इन’चा तिसरा उपयोग इकडे सर्रास आहे: ‘आय हॅवन्ट सीन हिम इन टेन इयर्स’, म्हणजे मी त्याला दहा वर्षांत पाहिलेले नाही. येथे मराठीचा ‘त’ अगदी चपखल बसतो.

पंचांगप्रेमी

‘फोर्टनाइट’ची फोड ‘चौदा रात्री’ अशी आहे. जुन्या इंग्रजीत काळ रात्रींनी मोजत. आठवड्यालाही पूर्वी ‘सेनाइट’, म्हणजे सात रात्री, असे म्हणत. जर्मानिक लोक दिवसांऐवजी रात्री मोजतात अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने पहिल्या शतकाच्या अखेरीस केली होती. आपला ‘पंधरवडा’ मात्र पंधरा तिथींच्या पक्षावर उभा आहे, त्यामुळे भाषांतरात ‘फोर्टनाइट’च्या जागी तो आपण डोळे झाकून घालतो तेव्हा एक दिवस वाढतो. ‘आठवडा’ या शब्दातच आठ आहेत, आणि ‘आठ दिवसांनी या’ म्हणणारा दुकानदार त्याच वाराला बोलावत असतो, कारण आजचा दिवस आणि तो दिवस असे दोन्ही धरले जातात. फ्रेंच लोकही आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतात. या बाबतीत इंग्रजीच वेगळी पडते.

‘मोमेंट’विषयीही थोडे सांगतो. आज तो ‘क्षणा’इतका सैल असला तरी मध्ययुगीन युरोपात ते ठरीव माप होते. आठव्या शतकातील इंग्लंडमधील बीड या भिक्षूच्या कालगणनेत एका तासाचे चाळीस ‘मोमेंट’ होतात, म्हणजे आजच्या हिशेबाने एक ‘मोमेंट’ सुमारे ९० सेकंदांचा. आपली घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे, पण ‘घटकाभर बसा’ म्हणताना घड्याळाकडे कोण पाहते?

अनुवादार्थी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘त’ आणि ‘नी’ हा खुलासा वाचून जुन्या तीन भाषांतरांत मी हीच चूक केल्याचे आढळले. एक शेवटची शंका: त्याच ग्राहकाने आता ‘बाय फ्रायडे’ असे लिहिले आहे. ते ‘अन्टिल फ्रायडे’पेक्षा वेगळे असते का? मला दोन्ही ‘शुक्रवारपर्यंत’च वाटतात.

निवृत्त शिक्षिका

येथे उलटा प्रकार आहे: इंग्रजीत शब्द दोन आणि मराठीत एक. ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ येथे काम एकदाच व्हायचे आहे आणि ते शुक्रवारी किंवा त्याआधी झाले तरी चालते, हे ‘बाय’. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ येथे थांबणे मध्ये न तुटता शुक्रवारपर्यंत चालू राहायचे आहे, हे ‘अन्टिल’. मराठी वाचकाला हा भेद क्रियापदावरून कळतो, म्हणून दोन्ही ठिकाणी ‘पर्यंत’ लिहायला हरकत नाही. इंग्रजीत उत्तर लिहिताना मात्र ‘आय विल सेंड इट अन्टिल फ्रायडे’ असे लिहू नये. आणि करारात किंवा वेळापत्रकात लिहायचे असेल तर शुक्रवार धरून की सोडून हे स्पष्ट करून पुढे तारीख घालावी, कारण ‘अन्टिल’मध्ये शेवटचा दिवस धरायचा की नाही याबद्दल खुद्द इंग्रजी भाषकांतही एकमत नसते.