अनुभव धागा: टिळकवाडीचा मध्य कुठं असावा?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माणसाला "कुठं जाऊलाय?" विचारा, "बाजारात" म्हणेल. आणि बाजार म्हणजे गणपत गल्ली. पन्नास हजारांचं सामान घ्यायचं असो की वीस रुपयांची सुई-दोरा, गोगटे चौक ओलांडून गर्दीत शिरायचंच. अनगोळ, वडगाव, भाग्यनगर एवढं वाढलं, पण मध्य अजून जुन्या शहरातच राहिलाय. उपनगराला स्वतःचा मध्य हवा असेल तर तो कसा? नकाशे नकोत, रोजचं लिहा. सुरुवात मी करतो.

आमचा मध्य म्हणजे दुसरं रेल्वे गेट. गेट पडलं की दहा मिनिटं सगळे अडकायचे. स्कूटर बंद, गप्पा सुरू. माझ्या बहिणीचं स्थळ तिथंच कळलं, खोटं नाही सांगत. माळवेवाल्या मावशी बुट्टी घेऊन नेमक्या तिथं बसायच्या, कारण गिऱ्हाईक हलू शकत नाही! उड्डाणपूल पाहिजेतच, रुग्णवाहिका अडकलेली मी पाहिलीय. पण पूल बांधताना त्याखाली बसायला कट्टा, झाड आणि नळ कागदावरच दाखवा. नंतर म्हणाल तर तिथं गाड्या लागलेल्या असतात.

वडगाव
आमच्या घरी अजून दोन यंत्रमाग आहेत. आई कांडी भरते. तिला मराठीच वाचता येतं, त्यामुळं बसची पाटी वाचायला सोबत नातू लागतो. तो कन्नड शाळेत शिकतो, लांबूनच ओरडतो, "आजी, ही आपली न्हवं!" हिंडलग्याला मावशीकडं जायचं तर आधी सीबीटी, म्हणजे मुख्य बसस्थानक, तिथून दुसरी बस. गुडघे दुखणाऱ्या बाईला बसचा तो जिना म्हणजे राजहंसगड किल्ल्याची चढण. तुमच्या मध्यात उपनगरातून उपनगरात जाणाऱ्या बसचा थांबा ठेवा, आणि पाटीवर कन्नडसोबत एक ओळ मराठीची.

शहापूर शिवार
सगळे मध्य कुठं करायचा ते बोलूलालेत, कुठं करायचा नाही ते मी सांगतो. बळ्ळारी नाल्याच्या काठी आमचं भात आहे. पूर्वी नाला फुगला तरी पाणी पसरून दोन दिवसांत ओसरायचं. आता वरच्या अंगाला भर टाकून प्लॉट पाडले, नाल्यात गाळ आणि जलपर्णी. एका वर्षी रोप लावलं, आठ दिवस पाण्याखाली, कुजलं. दुबार लावलं, तेही गेलं. शिवारातली जमीन लोकांना 'मोकळी' दिसते. ती मोकळी नाही, पावसाळ्यात ती पाणी धरते. तिथं फरशी घातलीत तर तेच पाणी तुमच्या तळमजल्यात येणार. हे शाप म्हणून लिहीत नाही, उतार तसा आहे म्हणून.

अनगोळ
आई चाळीस वर्षं रस्त्याकडेला भाजी विकते. सकाळी घरून निघताना चहा पीत नाही. का ते बायकांना कळेल. आधी स्वच्छतागृह बांधा, कारंजं मागनं बघू.

पुण्याहून परतलेला
सगळं कट्टा-झाड चाललंय, म्हणून जरा वेगळं. मला मॉल हवाय. शनिवारी रात्री पोरांनी कॅम्पात किती चकरा मारायच्या? लायब्ररी, सिनेमा, वर दोन मजले पार्किंग. नोकऱ्या इथं आल्या तर मी परत जाणार नाही.

(धागाकर्ता: मॉलला विरोध नाही. फक्त आमच्या गल्लीत 'सीए साईट' (नागरी सुविधांची जागा) म्हणून सोडलेल्या जागेचं काय झालं ते आठवतंय. बाग येणार होती. आता तिथं कुंपण आहे, आत गवत, आणि कुलपाची किल्ली कुणाकडं ते कुणाला ठाऊक नाही.)

वीरसौधाशेजारचा
डिसेंबर 1924 मध्ये गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन आपल्याच भागात भरलं, वीरसौध त्याचंच स्मारक. मोजक्या दिवसांसाठी गाव वसवायचं होतं, तर आधी काय केलं? विहीर खोदली. ती अजून आहे. मी संध्याकाळी तिथं फिरायला जातो. आजूबाजूला म्हातारी माणसं, सायकल शिकणारी पोरं, एक कणीसवाला. मध्य शोधूलाय म्हणता, तर एकदा सहा वाजता या. कणीसवाल्याला लिंबू जास्त लावायला सांगा, तो विसरतो.