मदत हवी आहे: कार्ड-सुरक्षेतील ‘की’साठी मराठी शब्द

खानापूर आणि निपाणी परिसरातील सहकारी पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी मी कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षेवर मराठी टिपण तयार करीत आहे. प्रशिक्षणाचे साहित्य इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये मिळते. मराठी शाळेत शिकलेल्या माणसालाही ते नीट उमगावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

‘की’साठी, म्हणजे माहिती कूटबद्ध (सांकेतिक रूपात) करण्यासाठी आणि पुन्हा उलगडण्यासाठी लागणाऱ्या गुप्त संख्येसाठी, मी ‘किल्ली’ हा शब्द घेतला आहे, कारण ‘कुंजी’ आपल्याकडे कोणी बोलत नाही आणि ‘कळ’ म्हटले की बटण किंवा वेदना आठवते. खरी अडचण पुढे आहे. पिन कूटबद्ध करणारी किल्ली आणि त्या किल्लीलाच कूटबद्ध करून दुसऱ्या बँकेकडे पाठवणारी किल्ली, हा फरक दोन सुटसुटीत शब्दांत कसा दाखवावा? शिवाय बँकेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा-यंत्रांत बाकीच्या किल्ल्या कूटबद्ध करून ठेवणारी एक मुख्य किल्ली असते. थेल्स या बनावटीच्या यंत्रात जिला ‘लोकल मास्टर की’ म्हणतात, तेच काम अटॅला या बनावटीच्या यंत्रात ‘मास्टर फाइल की’ करते; दोन्हींना ‘मूळ किल्ली’ म्हणावे, तर ‘डुकप्ट’ (दर व्यवहाराला नवी किल्ली वापरण्याच्या) पद्धतीत जिच्यापासून प्रत्येक कार्ड-यंत्राची आरंभीची किल्ली निघते तिला काय म्हणावे? मला ‘जनक किल्ली’ सुचते.

किल्ली एकाच माणसाच्या हाती राहू नये म्हणून ती ज्या भागांत वेगवेगळ्या राखणदारांकडे दिली जाते, त्या ‘कॉम्पोनंट’ला ‘तुकडा’ म्हणणे मला चुकीचे वाटते. दोन-तीन राखणदारांकडचे हे भाग प्रत्येकी पूर्ण लांबीचे असतात आणि एक्सॉर (दोन संख्यांचे बिट एकेक करून जुळवण्याच्या) क्रियेने एकत्र केल्यावरच किल्ली बनते, त्यामुळे एकट्या भागावरून काहीच कळत नाही. ‘तुकडा’ मात्र अर्धी किल्ली हाती आल्याचा भास देतो. किल्ली बरोबर भरली गेली का, हे पडताळणाऱ्या सहा अंकाक्षरी ‘चेक व्हॅल्यू’साठीही शब्द सुचवावा, ही विनंती.