आईला बायोलॉजिक सुरू होतंय. मँटू करू का इग्रा?

मानेवाडा_रिंगरोड: आईला (वय ६१) आमवात आहे. मेथोट्रेक्सेटनं भागेना म्हणून डॉक्टर अ‍ॅडालिमुमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करणार. त्याआधी टीबी बघायला छातीचा एक्स-रे आणि मँटू (हातावर टोचून करतात ती) किंवा इग्रा (रक्ताची तपासणी) सांगितली. आईला टीबी कधीच नव्हता, आजोबांना होता. सगळं मिळून बजेट दीड हजार. काय करू?

तर्रीपोहे: इग्राच करा भाऊ. मी फुल बॉडी पॅकेजमध्ये केली. साडेसहा हजार गेले, पण रिपोर्ट डायरेक्ट मोबाईलवर.

धंतोलीकर: लॅब धंतोलीत असेल तर गाडी आणू नका बाप्पा. पार्किंगपायी जीव जाते. ऑटो करा.

गुळवेल_काकू: एवढी भारी इंजेक्शनं काऊन? गुळवेलीचा काढा द्या, इम्युनिटी वाढते.

मायक्रोवाली_ताई: काकू, इथे इम्युनिटीच अंगावर उलटली आहे. टीएनएफ हे प्रथिन जास्त होऊन सांधे सुजून राहिले, अ‍ॅडालिमुमॅब त्यालाच अडवते. पंचाईत अशी की टीबीचा जंतू लपतो मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीच्या आत. पेशी त्याला गिळते, पण ज्या पिशवीत तो असतो तिच्यात पाचकरस येऊच देत नाही. अँटिबॉडी तिथं पोचत नाही. मग मॅक्रोफेज आयएल-१२ हे निरोपाचं प्रथिन सोडून टी पेशींना (ह्या पण इम्युनिटीच्याच पेशी) कामाला लावते, टी पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात, आणि तो निरोप मिळाला की मॅक्रोफेज आतल्या जंतूला मारायला लागते. जे मरत नाहीत त्यांच्याभोवती पेशींची गाठ बनते. ती गाठ टिकवायला टीएनएफ लागतो. तोच अडवला तर वर्षानुवर्षं झोपलेला टीबी उठू शकतो. २००१ मध्ये याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० केसेस छापून आल्या; अर्ध्याहून जास्त जणांना फुप्फुसाबाहेरही होता. घरात टीबी होता हे डॉक्टरांना नक्की सांगा. परवडत असेल तर माझं मत इग्रा.

तर्रीपोहे: मी तेच म्हटलं ना. इग्रा.

सीए_पेठ: लहानपणी बीसीजी टोचली असेल तर मँटू पॉझिटिव्हच येते, पैसे वाया.

मायक्रोवाली_ताई: जन्मताच टोचलेल्या बीसीजीचा असर साठीपर्यंत सहसा राहत नाही. इग्रात मात्र तो प्रश्नच नाही. रक्तातल्या टी पेशींना टीबीची जी प्रथिनं दाखवतात ती बीसीजीत नसतात, आणि किती इंटरफेरॉन गॅमा सुटला ते मोजतात. मेथोट्रेक्सेट, स्टिरॉइडनं दोन्ही तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. टीबी झोपलेला का जागा, हे दोन्हीतून कळत नाही, म्हणून एक्स-रे.

धंतोलीकर: एक्स-रेला बी गाडी नका आणू.

मानेवाडा_रिंगरोड: डॉक्टरांशी बोललो, आजोबांचंही सांगितलं. मँटू आणि एक्स-रे करतोय, बजेटमध्ये बसते. पॉझिटिव्ह आली तर आधी टीबी प्रतिबंधाच्या गोळ्या, इंजेक्शन नंतर.

तर्रीपोहे: मग विचारलं कशाले बे?

मायक्रोवाली_ताई: शुक्रवारी टोचू नका, ४८ ते ७२ तासांत वाचावी लागते आणि रविवारी लॅब बंद. लाली नाही, टणक भाग मोजायला सांगा. आईसारख्या पेशंटला ५ मिलिमीटर म्हणजेही पॉझिटिव्ह.