मित्राला ‘कॉलेज सोड, नोकरी धर’ असे सांगावे का?

कळवेकर:
माझा मित्र ठाण्यातील एका महाविद्यालयातून बी.कॉम.चे दुसरे वर्ष उत्तीर्ण झाला आहे. न्हावा शेवा बंदरातील आयात-निर्यातीची कामे करणाऱ्या, वाशीत कार्यालय असलेल्या एका कस्टम ब्रोकरकडे (व्यापाऱ्यांच्या वतीने मालाची सीमाशुल्काची कामे करून देणाऱ्याकडे) त्याला पूर्णवेळ नोकरी मिळत आहे. वडिलांची नोकरी सुटल्यामुळे घरात पैशांची निकड आहे आणि वर्गात त्याचे मनही लागत नाही. त्याने नोकरी धरावी असे माझे मत आहे. परंतु तो माझे ऐकतो, म्हणूनच बोलण्यापूर्वी जाणकारांना विचारत आहे.

उरणकर:
मी याच व्यवसायात आहे. कस्टम ब्रोकरकडे कामाला लागण्यासाठी बारावी पुरते. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क खात्याला द्यायचे विवरण, कसे भरायचे, ज्यावरून शुल्काचा दर कळतो तो मालाचा आठ अंकी टॅरिफ कोड कसा ठरवायचा, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरील कंटेनरच्या गोदामात) तपासणीसाठी कंटेनर उघडला जातो तेव्हा कोणते कागद हाताशी हवेत, हे सारे कामावरच शिकायला मिळते आणि त्यासाठी मालक पगारही देतो. सुरुवात एच कार्डाने, म्हणजे ब्रोकरच्या नव्या कर्मचाऱ्याला सीमाशुल्क खात्याकडून मिळणाऱ्या ओळखपत्राने होते, पुढे परीक्षा देऊन त्याच्या वरचे जी कार्ड मिळते. इथपर्यंत पदवी कोणी विचारत नाही. मात्र कस्टम ब्रोकरांच्या परवान्याच्या २०१८ च्या नियमावलीनुसार स्वतःच्या नावाने परवाना काढायचा असेल, तर अर्जदार पदवीधर असावाच लागतो. काम तोंडपाठ असूनही केवळ पदवी नाही म्हणून आयुष्यभर दुसऱ्याच्या लायसन्सवर राबणारी माणसे आमच्याकडे कमी नाहीत. तेव्हा नोकरी अवश्य धरायला सांगा, पण पदवीवर पाणी सोडायला सांगू नका.

नेरूळची ताई:
उरणकरांचे म्हणणे पटते, पण ते जितके सोपे वाटते तितके नाही. मुंबई विद्यापीठाच्या नियमित वर्गांना ७५ टक्के हजेरी लागते; पूर्णवेळ नोकरीत ती खोटेपणाशिवाय भरणार नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा किंवा मुंबई विद्यापीठाच्याच दूरशिक्षणाचा मार्ग आहे, आणि आधीच्या दोन वर्षांचे श्रेयांक तिथे धरले जातात का, हे त्याने महाविद्यालय सोडण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. परंतु बंदराच्या कामाला घड्याळ नसते. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते हे खरे असले, तरी कळव्याहून ठाणे, नेरूळ असे बदलत डॉकपर्यंत पोहोचून रात्री परतलेला मुलगा पुस्तक उघडेल, अशी आशा मी तरी ठेवणार नाही. माझ्या मते एकच वर्ष उरले आहे, ते पूर्ण करून सुटीत आणि सायंकाळी मिळेल ते काम करावे.

उरणकर:
ताई, ज्या घरात पगार थांबला आहे तिथे एक वर्ष ‘एकच’ नसते. अर्थात, काम कार्यालयातील कागदपत्रांचे आहे की डॉकमधील धावपळीचे, यावर अभ्यासाचे भवितव्य अवलंबून आहे, हे मान्य.

घोडबंदरवासी:
त्याला कर्मचारी म्हणून घेत आहेत की अप्रेंटिस म्हणून, हे कोणीच विचारले नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) कामगार ठरत नाही, त्याला भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही सर्वसाधारणपणे मालकावर नसते. नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय महाविद्यालयातून दाखला काढू नये.

कळवेकर:
सर्वांचे आभार. ‘कॉलेज सोड’ असे मी त्याला सांगणार नाही. नेमणूकपत्र आणि कामाचे ठिकाण विचारायला सांगतो. काम वाशीच्या कार्यालयातील निघाले तर नोकरी आणि मुक्त विद्यापीठ, डॉकमधील निघाले तर ताईंचा सल्ला त्याच्या वडिलांसमोर मांडतो.