मांजराला दिवसातून किती वेळा आणि किती खायला द्यायचं? वजन वाढलंय, मदत हवी आहे

गच्चीवरची_माऊ:

नमस्कार मंडळी, मांजरं सांभाळलेल्या जुन्याजाणत्या लोकांची मदत हवी आहे. आमचा बोका मन्या, देशी, केशरी-पांढरा, वय अडीच वर्षं. नसबंदी झालेली आहे आणि पूर्णपणे घरातच असतो, आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो, सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत त्यामुळे बाहेर हुंदडणं नाहीच. परवा लसीसाठी नेला तर काट्यावर ५.८ किलो भरला, डॉक्टर म्हणाले हा ४.८ च्या आसपास हवा, खाणं कमी करा. बाहेर बरीच गर्दी होती त्यामुळे कमी म्हणजे नक्की किती आणि कशातलं कमी ते बोलणंच झालं नाही.

सध्या चालतं ते असं. पहाटे सासरे उठतात, ते त्याला वाटीभर दूध देतात, त्यात पोळीचा तुकडा कुस्करून. मी ऑफिसला निघताना ड्राय फूडची, म्हणजे कोरड्या दाण्यांची, वाटी भरून ठेवते, ती संपली की सासूबाई परत भरतात कारण रिकामी वाटी त्यांना बघवत नाही. संध्याकाळी लेक क्लासहून आली की ओल्या कॅट फूडचा पाऊच. रात्री आम्ही जेवायला बसलो की हा नवऱ्याच्या ताटाशेजारी, मग बांगडा असेल तर बांगडा, चिकन असेल तर चिकन. आणि एवढं सगळं होऊन पहाटे चारला माझ्या उशीशी येऊन जो काय ओरडतो की बास!

प्रश्न असे की दिवसातून दोनदा द्यायचं की वाटी कायम भरलेली ठेवायची? ग्रॅममध्ये किती? दूध-पोळी पूर्ण बंद करायची का, कारण सासऱ्यांचा तो रोजचा आनंद आहे आणि मला त्यांना दुखवायचं नाहीये. आणि ऑफिसमध्ये एक जण म्हणाली की आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेव, आपोआप उतरेल, ते बरोबर आहे का? मन्यात माझा फार जीव आहे, काहीतरी उलटसुलट करायची भीती वाटते म्हणून आधी विचारतेय.

तीन_बोके_एक_भाटी:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. उपाशी अजिबात ठेवू नका. माणसाचं आणि मांजराचं शरीर यात फरक आहे, जाड मांजराचं खाणं दोन-तीन दिवस बंद पडलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि लिव्हर काम करेनासं होतं, त्यात मांजर जातंसुद्धा. त्यामुळे उपास नाही, आणि एकदम अर्ध्यावरही आणायचं नाही.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे प्रश्न किती वेळा हा नाहीये हो, प्रश्न किती हात खायला घालतात हा आहे. पाच माणसं पाच वेळा देतात आणि प्रत्येकाला वाटतं मी तर थोडंसंच दिलं. आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, आम्ही काय करतो सांगते, सकाळी किचनच्या वजनकाट्यावर दिवसभराचं ड्राय फूड मोजून एका झाकणाच्या डब्यात काढायचं, डब्यावर मांजराचं नाव, आणि ज्याला द्यायचंय त्याने त्या डब्यातूनच द्यायचं, डबा संपला की दिवस संपला. मग सासूबाईंनी दिलं काय आणि लेकीने दिलं काय, हिशोब तोच राहतो. कपाने मोजू नका, प्रत्येकाचा कप वेगळा भरतो आणि मांजरासारख्या लहान जिवाला रोजचे दहा ग्रॅम जास्त म्हणजे खूप झाले.

किती वेळा म्हणाल तर मोठ्या मांजराला किमान दोनदा, पण तेच खाणं तीन-चार वेळात वाटलं तर जास्त बरं. मांजराचं पोट लहान असतं, बाहेर राहणारं मांजर दिवसरात्र मिळून आठ-दहा उंदरांएवढं खातं, एका वेळी एक, असं थोडं थोडं खायचीच त्याची सवय आहे. वाटी कायम भरलेली ठेवणं काही मांजरांना चालतं, ती मोजून खातात, पण नसबंदी झालेल्या आणि घरातच बसणाऱ्या बोक्याला नाही चालत. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र कमी होते.

पहाटे चारसाठी, शेवटचं खाणं रात्री झोपायच्या जरा आधी द्या आणि त्याच्या आधी दोरी नाहीतर चेंडू घेऊन दहा-पंधरा मिनिटं चांगलं पळवा. आणि चारला ओरडला तर उठून वाटी भरायची नाही, एकदा दिलंत की त्याला कळतं ओरडल्यावर मिळतं. सुरुवातीला जास्त ओरडेल, सगळ्यांनी धीर धरा.

पशुवैद्य_नाशिक:

वरचा प्रतिसाद योग्य आहे, मी फक्त आकडे देतो. ज्या वजनावर आणायचंय त्यावरून हिशोब करायचा, आत्ताच्या वजनावरून नाही. ४.८ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मांजराचं वजन आहे तसं टिकवायला साधारण २७० कॅलरी लागतात. उतरवायचं असेल तर २०० ते २२० च्या दरम्यान. ड्राय फूड बहुतेक १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतं, तुमच्या पाकिटाच्या मागे आकडा छापलेला असेल तो बघा. म्हणजे नुसतं ड्राय फूड दिलं तर दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम. ८५ ग्रॅमचा एक पाऊच साधारण ७० कॅलरी धरा, तो दिला तर ड्राय फूड ४० ग्रॅमवर आणा. पाऊच बंद करू नका, त्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, ड्राय फूडमध्ये जेमतेम दहावा भाग, आणि बोक्यांना पाण्याची फार गरज असते.

आता दूध. १०० मिली फुल क्रीम दूध म्हणजे ८५-९० कॅलरी, मन्याच्या दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्सा तिथेच गेला, वर पोळी वेगळी. शिवाय मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, बऱ्याच जणांना जुलाब होतात. सासऱ्यांना सांगा की पहाटेचं पहिलं खाणं तुमच्याच हातचं, फक्त दुधाऐवजी डब्यातले मोजलेले दाणे, किंवा अर्धा पाऊच थोडं कोमट पाणी घालून. मांजराला वासाशी आणि हाताशी मतलब, ते तितक्याच प्रेमाने येईल.

आत्ता तो जे खातोय ते आधी दोन-तीन दिवस मोजून लिहून काढा, मग दहा-बारा दिवसांत हळूहळू वरच्या आकड्यावर या. वजन आठवड्याला साधारण एक टक्का, म्हणजे ५०-६० ग्रॅमच उतरायला हवं. एक किलोला चार ते सहा महिने लागतील, घाई नको. घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकट्या, मग त्याला घेऊन, असं वजन करा. आणि हाताने बघा, बरगड्यांवरून अलगद हात फिरवला की त्या लागल्या पाहिजेत पण डोळ्यांना दिसायला नकोत, वरून बघितलं की कंबर कळली पाहिजे.

रत्नांग्री_कर:

आमच्याकडे गावाला मांजरांना पिढ्यानपिढ्या दूधभात नि मच्छीची डोकी, आणि मांजरं ठणठणीत, मग हे ग्रॅम नि कॅलरी कशाला असं मलापण वाटायचं. पण ती मांजरं दिवसभर वाडीत उंदीर, पाली, टोळ मारत फिरतात, दूधभात नुसता वरचा. फ्लॅटमधल्या मांजराला तेवढं मांस दुसरीकडून मिळत नाही आणि हालचालपण नाही.

मासा द्यायचा असेल तर मीठ-मसाला घालायच्या आधी बाजूला काढून नुसता उकडून, काटे नीट काढून द्यावा. ताटातला तिखल्यातला, म्हणजे तिखट कालवणातला, तुकडा नको, त्यात लसूण-कांदा असतो, तो मांजराच्या रक्ताला वाईट. खारा बांगडापण नको, मीठ फार.

पशुवैद्य_नाशिक:

अगदी बरोबर. कांदा-लसूण शिजवलेले असले तरी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, रस्सासुद्धा चाटू देऊ नका. आणि कोणी पूर्ण घरचंच खाणं द्यायचा विचार करत असेल तर नुसतं उकडलेलं बोनलेस चिकन पुरत नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो, तो कमी पडला की डोळे आणि हृदय दोन्ही जातात. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं की मांजरांचा एक हृदयरोग टॉरिनच्या कमतरतेने होतो आणि ते दिलं की बरा होतो, तेव्हापासून कॅट फूडमध्ये त्याचं प्रमाण वाढवलं गेलं. म्हणूनच कुत्र्याचं खाणं मांजराला रोज घालू नये. वरचं खाऊ म्हणून उकडलेलं चिकन किंवा मासा दिवसाला १०-१५ ग्रॅम ठीक आहे, पण तेही हिशोबात धरा.

गच्चीवरची_माऊ:

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नीट सांगितलंत! आजच सगळ्यांना वाचून दाखवलं, सासरे लगेच म्हणाले डबा माझ्या ताब्यात द्या, मीच मोजणार, त्यामुळे माझं मोठं टेन्शन गेलं. फक्त अजून दोन गोष्टी, एक म्हणजे दाणे थोडे थोडे दिले की वाटीत उरतात आणि मुंग्या लागतात, पावसाळ्यात तर मऊपण पडतात. आणि दुसरं, तो पाणी फार कमी पितो, तर काय करू?

तीन_बोके_एक_भाटी:

मुंग्यांसाठी एका पसरट ताटलीत पाणी घालून त्यात वाटी ठेवायची, जात नाहीत मुंग्या. मोठं पाकीट घेऊ नका पावसात, छोटं आणा आणि हवाबंद डब्यात ओता, वास बदलला की मांजरं तोंड लावत नाहीत. पाण्याचं भांडं खाण्याच्या वाटीपासून लांब ठेवा, पसरट आणि काठोकाठ भरलेलं, घरात दोन-तीन ठिकाणी.

पशुवैद्य_नाशिक:

पाऊचमध्ये दोन-तीन चमचे पाणी मिसळून द्या, तेवढंही पोटात जातं. आणि एक लक्षात ठेवा, जाड, घरातला बोका आणि पाणी कमी, यात लघवीचा मार्ग तुंबायची शक्यता असते. लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या डब्यात, परत परत जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरकडे न्या.